श्री[कृपेक]रून : फुटके ग्रीक शिलालेख वाचतात तरी कसे?

‘अडीच हजार वर्षांपूर्वीच्या फुटक्या शिलालेखातली हरवलेली अक्षरं संगणकाने शोधली’ अशी बातमी अधूनमधून येते. मार्च २०२२ मध्ये ग्रीक लेखांसाठी तयार केलेल्या ‘इथाका’ या संगणक प्रणालीची आली, जुलै २०२५ मध्ये लॅटिन लेखांसाठीच्या ‘एनियस’ची. ती वाचून बऱ्याच जणांना पडणारा प्रश्न अगदी रास्त आहे. दगडावर जे उरलंच नाही, ते माणसाने काय किंवा यंत्राने काय, वाचायचं कसं?

याचं उत्तर आपल्या घरच्या जुन्या ट्रंकेत सापडेल. समजा तळाशी आजोबांच्या काळातली एक लग्नपत्रिका मिळाली आणि तिचा मधला भाग वाळवीने खाल्लेला आहे. वर एवढंच दिसतंय : ‘आमचे येथे श्री......रून’. कुठल्याही मराठी माणसाला इथे विचार करावा लागत नाही, ‘श्रीकृपेकरून’ असणार. शेवटी ‘करण्याचे योजि’ एवढं उरलं असेल, तर पुढे ‘ले आहे’ हेही कुणी सांगायला नको. पण मधेच ‘यांचे ज्येष्ठ चिरंजीव’ असं येतं आणि पुढचं नाव गेलेलं असतं. तिथे आपण थांबतो. ते नाव कुठल्याही तर्काने सांगता येणार नाही. दुसरी प्रत तरी मिळायला हवी, नाहीतर कुणा आत्याबाईंना तरी आठवायला हवं.

पत्रिकेतला साचा भरता येतो, नाव भरता येत नाही. ग्रीक शिलालेखांचा सगळा अभ्यास, त्यांचे डेटाबेस आणि आताची ही यंत्रं या एका फरकाभोवती फिरतात.

### दगडावर लिहीत काय होते?

आपल्याला शिलालेख म्हटलं की राजाची आज्ञा किंवा देवळाचं दान आठवतं. ग्रीक नगरांनी मात्र दगडावर जवळजवळ सगळंच कोरलं. सभेचे ठराव, दुसऱ्या नगराशी केलेले करार, देवळातल्या भांड्यांच्या याद्या, बांधकामाचे हिशेब, लढाईत पडलेल्यांची नावं, थडग्यांवरचे निरोप. डेल्फीच्या देवस्थानात गुलामांना मुक्त केल्याचे हजाराहून अधिक लेख आहेत. कुणी कुणाला, किती रकमेला आणि कोणत्या अटींवर सोडलं, सगळं तपशिलाने. क्रीट बेटावरच्या गॉर्टिन गावात इ.स.पू. पाचव्या शतकातला एक अख्खा कायदा भिंतीवर कोरलेला आहे, सुमारे सहाशे ओळींचा. वडिलांच्या मालमत्तेत मुलाचे दोन वाटे आणि मुलीचा एक, गावातली घरं मात्र मुलांची, असे नियम त्यात आहेत. आणि तो लिहिलाय बैल नांगर ओढतो तसा. एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची तिथूनच वळून डावीकडून उजवीकडे. या पद्धतीचं ग्रीक नावच ‘बैल वळतो तसं’ असं आहे.

बहुतेक ग्रीक लेखांत शब्दांमध्ये जागा नसते. मोडी कागद ज्यांनी वाचलेत त्यांना हा त्रास सांगायला नको. शब्द कुठे तोडायचा, हाच वाचनातला पहिला निर्णय असतो.

आणि हे दगड क्वचितच अखंड मिळतात. नंतरच्या लोकांनी ते घरांच्या भिंतीत चिणले, पायऱ्यांना लावले, चुन्यासाठी भाजले. एकाच ठरावाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी निघतात. अथेन्सने आपल्या अंकित नगरांत वजनं, मापं आणि नाणी यांबद्दल एक हुकूम लावायला सांगितला होता. त्याचा आजचा मजकूर आफितिस, कॉस, सिफ्नॉस, सिमे अशा दूरदूरच्या जागी मिळालेले तुकडे जुळवून उभा केलेला आहे. पत्रिकेची दुसरी प्रत मिळणं म्हणतात ते हेच.

### ठसा : दगडाचा ओला कागद

फोटो काढला की काम झालं, असं वाटतं. पण झिजलेल्या संगमरवरावर समोरून उजेड पडला तर फोटोत पांढऱ्या पाटीशिवाय काही येत नाही. उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडावा लागतो, तेव्हा कुठे खोबणीत सावली धरते.

म्हणून अभ्यासक आजही ठसा घेतात. दगड पाण्याने स्वच्छ धुवायचा, त्यावर जाड शोषक कागद अंथरायचा, तो भिजवायचा आणि राठ केसांच्या ब्रशने थोपटत राहायचं. मधे हवेचा बुडबुडा राहता कामा नये. कागद अक्षरांच्या खाचांत शिरतो. वाळला की अलगद सोलून काढायचा. त्याच्या पाठीवर अक्षरं उलटी आणि उठावदार आलेली असतात. आपल्याकडे ठसा घेताना शाई वापरतात आणि काळ्यावर पांढरी अक्षरं मिळतात. ग्रीक दगडांच्या या कागदाला शाई लागत नाही, त्यामुळे तो बोटांनीही वाचता येतो आणि टेबलावर दिव्याखाली हवा तसा फिरवता येतो. प्रिन्स्टन आणि ऑक्सफर्ड इथे अशा ठशांचे मोठे संग्रह आहेत. काही मूळ दगड पुढे आणखी झिजले, काही हरवले. कागद मात्र राहिला.

### कंसांची भाषा

ठशावरून मजकूर उतरवताना अभ्यासकाला वाचकाला दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात : दगडावर काय आहे आणि मला काय वाटतं. पूर्वी जो तो आपापल्या खुणा वापरायचा, त्यामुळे गोंधळ व्हायचा. १९३१ मध्ये हॉलंडमधल्या लायडन शहरात जमलेल्या अभ्यासकांनी खुणांची एक समान पद्धत ठरवली. तिला लायडन संकेत म्हणतात. पुढच्या सगळ्या लेखात मी हा एकच पारिभाषिक शब्द वापरणार आहे.

हे संकेत आपल्या पत्रिकेवरच लावून पाहू. ‘श्री[कृपेक]रून’ : चौकटी कंसातलं दगडावर नाही, वाचणाऱ्याने भरलंय. ‘चि(रंजीव)’ : कोरणाऱ्याने संक्षेप केला होता, साध्या कंसात तो उलगडलाय. महिरपी कंसात कोरणाऱ्याकडून चुकून जास्त पडलेलं अक्षर येतं. अक्षराखाली टिंब दिलं तर अर्थ असा की काहीतरी रेघा दिसतात, पण तेच अक्षर आहे अशी शपथ घेता येणार नाही. दुहेरी चौकटी कंस आला तर तिथलं नाव कुणीतरी मुद्दाम खोडलंय. इ.स.पू. २०० मध्ये अथेन्सचं मॅसिडोनियाच्या राजाशी फाटलं, तेव्हा त्या राजघराण्याचे उल्लेख खोडायचा ठराव झाला आणि छिन्नीने घासलेल्या त्या जागा आजही दगडांवर दिसतात.

मला या खुणांबद्दल फार आदर वाटतो. एखाद्या शास्त्राने आपला तर्क आणि आपला पुरावा यांच्यामध्ये एवढी बारीक, अक्षरागणिक भिंत घातल्याची उदाहरणं थोडी आहेत.

### पण कंसातलं भरतात कशावरून?

दोन आधार असतात. पहिला साच्याचा. अथेन्सचा ठराव म्हणजे आपल्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त. सुरुवात ठरलेली : ‘एदोक्सेन तेइ बूलेइ काइ तोइ देमोइ’, म्हणजे परिषदेला आणि जनतेला असं योग्य वाटलं. मग त्या महिन्यात कामकाज कोणत्या कुळगटाकडे होतं, चिटणीस कोण, अध्यक्ष कोण, सूचक कोण. शंभर ठराव वाचलेल्या माणसाला एकशेएकावा अर्धा दिसला तरी उरलेला अर्धा कळतो.

दुसरा आधार मोजणीचा. इ.स.पू. पाचव्या आणि चौथ्या शतकातले अथेन्सचे कितीतरी लेख गणिताच्या चौकटीच्या वहीसारखे कोरलेले आहेत. प्रत्येक अक्षर आपल्या घरात, वरच्या अक्षराच्या बरोबर खाली. एका ओळीत तीस घरं असतील आणि तेवीस अक्षरं शिल्लक असतील, तर गेलेली अक्षरं सात. आठ अक्षरांचा शब्द कितीही शोभला तरी तिथे बसत नाही.

साचा आणि मोजणी दोन्ही जुळले तर भरलेली जागा जवळजवळ पक्की मानतात. पण साचा संपून माणसाचं नाव सुरू झालं की तोच अभ्यासक हात आखडता घेतो. निदान घ्यायला हवा.

### एका दगडाला चार नंबर

गावाकडे जमिनीचा जुना सर्व्हे नंबर वेगळा आणि नवा गट नंबर वेगळा असतो. वाटणीच्या कागदावर एक, सातबाऱ्यावर दुसरा. शिलालेखांचं अगदी तसंच झालंय.

बर्लिनच्या अकादमीत १८१५ मध्ये ऑगुस्ट ब्योख यांनी सगळे ज्ञात ग्रीक लेख एकत्र छापण्याचं काम सुरू करवलं. पहिला खंड १८२८ मध्ये पूर्ण झाला. ते बहुतांश प्रवाशांनी करून आणलेल्या नकलांवर अवलंबून होते, आणि त्यातल्या काही चक्क बनावट होत्या. मिशेल फुर्मों नावाच्या फ्रेंच प्रवाशाच्या अशा नकला ब्योख यांनी पकडल्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच अकादमीने दगड प्रत्यक्ष पाहून तयार केलेली नवी ग्रंथमाला नव्या नावाने चालवली. ती अजून चालू आहे, आणि तिच्या नव्या आवृत्त्यांमध्ये आकडे बदलत गेले. १९२३ पासून नव्या शोधांची आणि नव्या वाचनांची वेगळी पुरवणी निघते, तिचे आकडे आणखी निराळे.

डेटाबेसचं पहिलं काम हे सगळे नंबर एका जागी आणण्याचं. यातला सर्वांत वापरात असलेला डेटाबेस अमेरिकेतल्या पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूटचा. कॉर्नेल आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी छापील आवृत्त्यांमधला मजकूर अक्षरशः भरून घेतला. आधी तो सीडीवर मिळायचा, आता इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतो. अॅटिका, पेलोपोनेसॉस, एजियन बेटं, आशिया मायनर, इजिप्त, सिसिली अशी प्रदेशवार मांडणी आहे. ‘इथाका’ तयार करताना त्यात एक लाख अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक नोंदी होत्या.

त्यात फोटो नाहीत, भाषांतर नाही, वाचनातले वाद सांगणाऱ्या टिपा नाहीत. आहे तो फक्त मजकूर. अथेन्सच्या लेखांचं इंग्रजी भाषांतर हवं असेल तर त्यासाठी २०१२ पासून ‘अॅटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन’ हा वेगळा उपक्रम आहे.

### नुसता मजकूर शोधून काय मिळतं?

एक उदाहरण आपल्या जवळचं घेतो. अफगाणिस्तानातल्या कंदाहारला १९५८ मध्ये सम्राट अशोकाचा एक लेख सापडला, वर ग्रीक आणि खाली अरामी. राजाचं नाव त्यात ‘पिओदास्सेस’ असं येतं, म्हणजे आपला पियदसी, अशोक आपल्या लेखांत स्वतःला म्हणवतो ते नाव. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर राजाने लोकांना काहीतरी ‘दाखवलं’ असं तो लेख म्हणतो, आणि त्यासाठी ग्रीक शब्द येतो ‘एउसेबेइया’. अशोकाच्या इतर लेखांत इथे ‘धम्म’ असतो.

आता हा शब्द ग्रीक लेखांच्या डेटाबेसमध्ये टाकला की तो नगरानगरांतून उगवतो. देवळाला देणगी देणाऱ्याचा सत्कार, पुजाऱ्याचा सत्कार, नेकीने काम केलेल्या अधिकाऱ्याचा सत्कार. ‘त्याच्या सद्गुणाबद्दल आणि एउसेबेइयाबद्दल’ ही मानपत्राची ठरलेली ओळ. म्हणजे कंदाहारच्या त्या अनुवादकाने नवा शब्द घडवला नाही. आपल्या ग्रीक वाचकाने गावच्या चौकात शंभरदा पाहिलेला, देवांविषयी आणि थोरामोठ्यांविषयी आदर सांगणारा शब्द त्याने उचलला. एकट्या दगडाकडे पाहून हे कधीच कळलं नसतं. शेकडो दगड शेजारी मांडले तरच कळतं.

### मग यंत्राने नवीन काय केलं?

शंभर ठराव वाचलेल्या माणसाचं काम यंत्राने हजारो लेख वाचून केलं, एवढंच. पॅकार्डच्या संग्रहातून निवडलेल्या अठ्ठ्याहत्तर हजारांवर लेखांवर ‘इथाका’ला शिकवलं गेलं. परीक्षा अशी : ज्ञात मजकुरातली दहापर्यंत अक्षरं झाकायची आणि ओळखायला सांगायचं. दोन तज्ज्ञ इतिहासकारांना हे सुमारे २५ टक्के वेळा जमलं. यंत्राला एकट्याला ६२ टक्के. इतिहासकारांनी यंत्राच्या सूचना समोर ठेवून काम केलं तेव्हा ७२ टक्के. लेख कुठल्या प्रदेशातला, हे यंत्राने ७१ टक्के वेळा बरोबर सांगितलं.

यातला मला महत्त्वाचा वाटतो तो दोघांनी मिळून केलेल्या वाचनाचा आकडा. यंत्र एकच उत्तर देऊन मोकळं होत नाही, शक्यतांची यादी देतं, प्रत्येकीपुढे आपला भरवसा किती तेही लिहितं. त्यातली कुठली दगडावरच्या उरलेल्या रेघेशी जुळते, हे पाहायला माणूस लागतो. आणि वर सांगितलेली मर्यादा यंत्रालाही चुकलेली नाही. हरवलेलं नाव कुठेच दुसरीकडे आलं नसेल, तर ते यंत्रालाही ठाऊक नसतं.

### चाळीस वर्षांचा फरक, दोन अक्षरांवर

कंस इतके जपायचे कशासाठी, हे एका दगडावरून कळतं. अथेन्सने सिसिलीतल्या एगेस्टा नगराशी केलेल्या कराराचा लेख आहे. बर्लिनच्या ग्रंथमालेच्या जुन्या आवृत्तीत त्याचा नंबर १९, नव्या आवृत्तीत ११. अथेन्समध्ये वर्ष ओळखलं जायचं ते त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या नावाने, ‘अमुक सरपंच असताना’ म्हणावं तसं. या दगडावर त्या नावाची शेवटची दोनच अक्षरं नीट वाचता यायची : ओ आणि न. हाब्रॉन असेल तर वर्ष इ.स.पू. ४५८/७. अँटिफॉन असेल तर ४१८/७. (अथेन्सचं वर्ष उन्हाळ्यात सुरू व्हायचं, म्हणून असा जोडआकडा.)

फरक साधा नाही. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सने एगेस्टाच्या हाकेवरून सिसिलीवर आरमार पाठवलं आणि दोन वर्षांत ते सगळं गमावलं. हा करार ४० वर्षांपूर्वीचा जुना कागद होता, की मोहिमेच्या तोंडावर केलेला ताजा शब्द, यावर त्या सगळ्या घटनेचा अर्थ बदलतो.

वाद अडला होता तो ‘स’ या अक्षराच्या आकारावर. दगडावरचा ‘स’ तीन रेघांचा आहे. अथेन्समध्ये इ.स.पू. ४४६ च्या सुमारानंतर चार रेघांचाच ‘स’ कोरत, असा नियम अभ्यासकांनी बसवला होता, म्हणून लेख जुना असलाच पाहिजे. हॅरल्ड मॅटिंग्ली हे इतिहासकार १९६० च्या दशकापासून सांगत होते की हा नियमच कच्चा आहे. शेवटी संगमरवराच्या आरपार लेसरचा प्रकाश सोडून त्या जागेची छायाचित्रं घेण्यात आली. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आला : अँटिफॉन. काहींनी शंका काढल्या, पण आज बहुतेक अभ्यासक ४१८/७ हेच वर्ष धरतात. एका अक्षराच्या आकारावर उभा केलेला कालक्रम हलला आणि त्याबरोबर अथेन्सचे इतर कितीतरी ठरावही पुढे सरकले. अशाच काही वादग्रस्त ठरावांचा काळ ‘इथाका’ला विचारला, तर डेटाबेसमध्ये जुन्या तारखा नोंदवलेल्या असूनही त्याने सरासरी इ.स.पू. ४२१ हे वर्ष सांगितलं.

### कंस हरवले तर?

डेटाबेसबद्दलचा सर्वांत खरा आक्षेप हाच आहे. अर्न्स्ट बेडियन या इतिहासकाराने १९८९ मध्ये ‘चौकटी कंसांतून लिहिलेला इतिहास’ असा शब्दप्रयोग करून इशारा दिला होता. कुणी एक जण हरवलेल्या जागी एक शब्द सुचवतो. दुसरा तो मजकूर उद्धृत करतो आणि कंस गाळतो. तिसरा त्या शब्दावर सिद्धान्त उभारतो. दगडावर तिथे फक्त भोक असतं.

शोधाच्या चौकटीत शब्द टाकला की हे आणखी सोपं होतं, कारण साधा शोध कंसाच्या आतलं आणि बाहेरचं एकाच मापाने मोजतो. वीस निकाल आले. त्यातले बारा कुणाच्या तरी तर्कातले असू शकतात. आणि उद्या माणसांनी भरलेल्या जागांवरच यंत्र शिकलं, तर ते आपलाच तर्क आपल्याला पुरावा म्हणून परत देईल.

यावर उपाय निघालेला आहे. नव्वदच्या दशकाअखेर अमेरिकेत ‘एपिडॉक’ नावाची नोंदपद्धत सुरू झाली. तिच्यात कंस नुसते टंकलेले नसतात. हे अक्षर हरवलेलं, हे अस्पष्ट, हे खोडलेलं अशी प्रत्येकाची खूण संगणकाला समजेल अशी लिहिलेली असते. मग ‘फक्त दगडावर प्रत्यक्ष असलेलं दाखव’ असं विचारता येतं. अडचण एवढीच की लाखो जुन्या नोंदी अशा नव्याने भरणं हे माणसांचं, डोळे शिणवणारं काम आहे. पण पैसा घालावा तर इथेच, असं माझं ठाम मत आहे. नवं यंत्र दरवर्षी येईल, ते शिकणार याच नोंदींवर.

### आपल्या लेण्यांपर्यंत

कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवनांची दानं कोरलेली आहेत (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत). ‘धेनुकाकटाच्या यवन सिहधयाचं खांबाचं दान’, अशा एका ओळीचे लेख. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, त्यामुळे ग्रीक डेटाबेसमध्ये हा यवन सापडणार नाही, आणि पाटलीपुत्राचा अशोक मात्र सापडेल. संग्रह भाषेने वाटलेले असतात, माणसं तशी वाटलेली नव्हती.

दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या लेखांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘धर्मा’ या युरोपीय निधीवरच्या प्रकल्पाने एपिडॉक पद्धतीनेच नोंदी केल्या आहेत. आपल्याकडचे हजारो लेख मात्र अजून छापील खंडांत आहेत. शेंदराखाली किंवा गवतात असलेले वेगळेच.

धेनुकाकटा हे गाव नेमकं कुठे होतं, यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही. कार्ल्याला त्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. शेलारवाडीच्या लेण्यात तिथल्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याच्या बायकोचं दान आहे, तिथे गावाच्या नावाचे वर्ण किंचित वेगळे पडलेत. कान्हेरीलाही ते नाव येतं. हे सगळे लेख शेजारी मांडून, कुठलं अक्षर खडकावर आहे आणि कुठलं आपण वाचून घेतलंय एवढं जपून, त्या गावाचा माग काढायचं काम अजून बाकी आहे.